हटके विनोदी सिनेमा पडतो तेव्हा नेमकं काय बिनसतं?

दर काही महिन्यांनी हा प्रकार घडतोच. एखादा वेगळ्या वळणाचा विनोदी सिनेमा येतो. ट्रेलरला लोक हसलेले असतात, समीक्षकांनी हात सैल सोडून तारे दिलेले असतात, कलाकारही नावाजलेले. शुक्रवारी सिनेमा लागतो आणि सोमवारी त्याचे खेळ निम्म्यावर आलेले असतात. मग दोन ठरलेली मतं ऐकू येतात. सिनेमा करणारे म्हणतात, प्रेक्षकांना तो कळलाच नाही. प्रेक्षक म्हणतात, कळण्यासारखं त्यात होतं तरी काय?

ही दोन्ही मतं मला अपुरी वाटतात. याच प्रेक्षकांनी याहून कितीतरी आचरट सिनेमे डोक्यावर घेतलेत, तेव्हा विचित्रपणाचं त्यांना वावडं आहे असं म्हणता येत नाही. आणि पडलेल्या सिनेमांतले काही नंतर लोकांना तोंडपाठ झालेत, तेव्हा ‘त्यात काहीच नव्हतं’ हेही टिकत नाही. माझ्या मते घोळ वेगळाच असतो. इथे हसायचं की नाही, याबद्दल प्रेक्षक साशंक होतो. ही शंका एकदा मनात शिरली की चांगला विनोदही तिच्यापुढे हात टेकतो. ती नेमकी कुठून शिरते, ते बघू.

## आधी हे बघू, हसू येतं कशाने?

याचं जुनं उत्तर आहे अपेक्षाभंग. काही एक घडणार असं वाटत असतं आणि भलतंच घडतं. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यानं १७९० साली हे जवळपास असंच मांडलं होतं: ताणलेली अपेक्षा अचानक फुस्स झाली की हसू फुटतं. पण प्रत्येक अपेक्षाभंगाला आपण हसत नाही. रात्री घरी यावं आणि दाराचं कुलूप तुटलेलं दिसावं, हाही अपेक्षाभंगच की.

ही फट अलीकडे पीटर मॅग्रॉ आणि कॅलेब वॉरन या दोन अमेरिकी संशोधकांनी २०१० साली भरून काढली. त्यांचं म्हणणं असं की हसायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. काहीतरी नियमाबाहेरचं घडलं पाहिजे, आणि त्यात धोका नाही हेही त्याच क्षणी जाणवलं पाहिजे. याला आपण ‘निरुपद्रवी नियमभंग’ म्हणू. गुदगुल्यांचं उदाहरण घ्या. स्वतःच स्वतःला केल्या तर काहीच होत नाही, कारण त्यात अनपेक्षित असं काही नाही. जवळच्या माणसानं केल्या तर आपण लोळतो. रस्त्यात अनोळखी माणूस करायला लागला तर मात्र ओरडतो. बोटं तीच, जागाही तीच. फरक एवढाच की एकाबद्दल खात्री आहे आणि दुसऱ्याबद्दल नाही.

आता नेहमीचा विनोदी सिनेमा आठवा. साहेबाला घाबरणारा कारकून, जुळ्यांचा गोंधळ, लपवाछपवी, चुकीच्या खोलीत शिरलेला माणूस. यातले नियम आपल्या रोजच्या जगण्यातले असतात, ते शिकवावे लागत नाहीत. सिनेमानं ते फक्त मोडायचे. हटके सिनेमा मात्र स्वतःचं वेगळं जग उभं करतो. म्हणजे त्याला आधी त्या जगाचे नियम आपल्या गळी उतरवावे लागतात आणि मग ते मोडावे लागतात, तेही दोन तासांत. बहुतेक सिनेमे पहिलं काम गाळतात आणि थेट दुसऱ्याला लागतात.

## शोकसभेतलं विजेचं बिल

एक प्रसंग कल्पून बघू. शोकसभा चालू आहे. एक माणूस उठतो, माईकसमोर जातो, खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि गंभीर आवाजात विजेचं बिल वाचायला लागतो. ग्राहक क्रमांक, मागील रीडिंग, चालू रीडिंग, थकबाकी.

पहिली तऱ्हा अशी. त्याच्या आधी जो बोलला तो शिट्टी वाजवून गेला, त्याच्या आधीची बाई दोरीवरच्या उड्या मारत होती, आणि सगळी सभा डोक्याला पिशव्या बांधून बसली आहे. आता बिल वाचणाऱ्याचं कुणाला काही वाटणार नाही. इथे काहीही चालतं हे प्रेक्षकाला कळून चुकलं आहे, म्हणून कुठलीच गोष्ट नियमाबाहेरची उरलेली नाही. पडद्यावर धमाल आणि खुर्च्यांमध्ये शांतता.

दुसऱ्या तऱ्हेत सगळं नेहमीसारखं आहे. पांढरे कपडे, मंद आवाज, हार घातलेला फोटो. तो माणूस बिल वाचतो आणि लोक माना खाली घालून ऐकतात. पहिल्या रांगेतल्या मृताच्या बायकोचे डोळे ‘थकबाकी’ या शब्दावर भरून येतात. मागे एक तरुण मात्र चक्रावून इकडेतिकडे बघतो आहे: हे काय चाललंय? शेजारचे काका त्याला डोळ्यांनीच गप्प करतात. इथे हसू येण्याची शक्यता पुष्कळ आहे. शोकसभेचा नियम शाबूत आहे, तो एकाच ठिकाणी मोडला आहे आणि आपल्या मनातला प्रश्न पडद्यावर कुणीतरी विचारतो आहे.

तिसरी तऱ्हा दुसरीसारखीच, पण तो तरुण नाही, बायकोचा चेहराही दाखवलेला नाही. कॅमेरा लांब ठेवलेला, संगीत नाही, माणूस बिल वाचतो आणि प्रसंग संपतो. धाडसी दिग्दर्शक हीच निवडतात. याला हसणारेही असतात. पण उरलेल्यांना वाटतं, हे दुःखाचं होतं का? मृत माणूस वीजमंडळात होता का? आपलं काही निसटलं का? अशा तीन शंका येऊन जाईपर्यंत पुढचा प्रसंग सुरू झालेला असतो. अशा दहा प्रसंगांनंतर प्रेक्षक मोबाइल काढतो.

## सगळेच वेडे असले तर

पहिल्या तऱ्हेची चूक भल्याभल्यांनी केली आहे. हॉवर्ड हॉक्स या नामांकित अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ १९३८ साली आला. कॅरी ग्रँट हा डायनासोरच्या हाडांमागे लागलेला शास्त्रज्ञ, कॅथरिन हेपबर्न ही त्याच्या गळ्यात पडलेली मुलखावेगळी मुलगी, सोबत एक पाळीव बिबट्या आणि नेमकं हवं असलेलं हाड पुरून ठेवणारा कुत्रा. सिनेमा अपेक्षेइतका चालला नाही, निर्मितीसंस्थेला तोटा झाला. आज तो विनोदी सिनेमांतला मानाचा नमुना मानतात. पण खुद्द हॉक्सनं नंतर मुलाखतीत सांगितलं होतं की त्यात एक मोठा दोष होता: सिनेमात एकही शहाणा माणूस नव्हता. भेटेल तो चक्रम. निदान माळी किंवा पोलिस अधिकारी तरी साधासुधा ठेवायला हवा होता, असं त्याचं मत होतं.

विनोदाच्या धंद्यात या शहाण्या माणसाला फार मान आहे. जोडीतला एक वेडेपणा करतो आणि दुसरा गंभीर चेहऱ्यानं तो सोसतो. टाळ्या पहिल्याला मिळतात, पण दुसऱ्याशिवाय पहिल्याचा विनोद उभाच राहत नाही. प्रेक्षकाच्या वतीनं पडद्यावर तोच हजर असतो.

मार्क्स बंधू या अमेरिकी विनोदी नट-भावंडांची गोष्टही अशीच. १९३३ च्या ‘डक सूप’मध्ये त्यांनी एक काल्पनिक देश घेतला आणि राजकारणापासून युद्धापर्यंत सगळ्याची ऐशीतैशी केली. प्रेमकथा नाही, कुणाबद्दल माया वाटावी असं पात्र नाही. त्याची कमाई त्यांच्या आधीच्या सिनेमापेक्षा कमी झाली आणि पॅरामाउंट कंपनीशी त्यांचा संबंध संपला. पुढे एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओत निर्माता आयर्विंग थालबर्ग यानं त्यांना सल्ला दिला: विनोद थोडे कमी चालतील, पण गोष्ट घट्ट हवी. १९३५ च्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’मध्ये या भावांपैकी तिघे दोन गुणी, गरीब प्रेमिकांच्या मदतीसाठी गोंधळ घालतात आणि त्यांचा मार खातात ते गर्विष्ठ, दुष्ट लोक. सिनेमा जोरात चालला. वेडेपणा फारसा कमी झाला नव्हता. तो कुणासाठी चाललाय आणि कुणाच्या अंगावर जातोय, एवढं मात्र प्रेक्षकाला स्पष्ट झालं होतं.

जाता जाता, जाणकारांपैकी अनेकांना आज दोघांत ‘डक सूप’च सरस वाटतो. मलाही. तरी थालबर्ग चुकला असं मी म्हणणार नाही.

## नियम प्रेक्षकाच्या घरचेच असतील तर

दुसरी वाट कुंदन शहांच्या ‘जाने भी दो यारो’नं (१९८३) दाखवली. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत झालेला हा सिनेमा. शेवटाकडे एक प्रेत लपवता लपवता सगळी मंडळी नाटकाच्या रंगमंचावर घुसतात. तिथे महाभारतातलं वस्त्रहरण चाललेलं असतं, आणि प्रेतच द्रौपदी होऊन बसतं. आता खलनायक आणि नायक दोघांनाही ‘द्रौपदी’ हवी आहे, त्यामुळे वस्त्रहरणाचीच वाट लागते.

हा प्रसंग कागदावर वाचला तर कुणीही कपाळाला हात लावेल. पडद्यावर तो चालतो, कारण महाभारताचे नियम समजावून द्यायची गरजच नाही. दुर्योधनानं काय करायचं, भीमानं काय करायचं, हे बघणाऱ्याला पाठ आहे. म्हणून प्रत्येक मोडतोड जागच्या जागी कळते. प्रसंग टोकाचा आचरट आहे, पण त्याच्या बुडाशी आपल्याला सगळ्यांत जास्त ओळखीची असलेली गोष्ट ठेवली आहे. असं असूनही प्रदर्शनाच्या वेळी या सिनेमाला मोठं यश मिळालं नाही. लोकांपर्यंत तो पुढे दूरदर्शनवरून पोचला. प्रसंग नीट रचला की सिनेमा चालतोच असं नाही, हे इथेच मान्य करून टाकतो.

## धोका नाही, ही खात्री

निरुपद्रवी नियमभंगातला ‘निरुपद्रवी’ हा अर्धा भाग सिनेमावाले वारंवार विसरतात. मूकपटांच्या काळातला अमेरिकी विनोदवीर बस्टर कीटन याचा ‘द जनरल’ १९२६ च्या अखेरीस तयार झाला. जळत्या पुलावरून खरीखुरी आगगाडी नदीत कोसळवण्याइतका त्यावर खर्च झाला होता. सिनेमा चालला नाही, आणि दोन वर्षांच्या आत कीटननं आपलं स्वातंत्र्य सोडून मोठ्या स्टुडिओची नोकरी पत्करली. विषय होता अमेरिकेचं यादवी युद्ध. ते संपून साठेक वर्षं झाली होती, म्हणजे ते लढलेले लोक अजून हयात होते. सिनेमात सैनिक मरतात आणि त्या मरणाच्या आसपास विनोद चालतो. त्या काळच्या काही समीक्षकांना हे अभिरुचीला सोडून वाटलं. आजच्या प्रेक्षकाला ते युद्ध दूरचं, म्हणून तो निर्धास्तपणे हसतो.

सुराचा प्रश्नही याच पोटातला. सूर म्हणजे सिनेमाचा एकंदर कल: तो आपल्याला किती गांभीर्यानं घ्यायला सांगतो. पहिल्या अर्ध्या तासात माणसं रबरी असतात, आपटतात आणि उठतात. मग अचानक एकाला गोळी लागते आणि तो खरोखर मरतो, रक्त येतं, आई रडते. आता पुढच्या आपटण्याला हसायचं कसं? दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकनं अणुयुद्धावरच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’साठी युद्धकक्षातल्या सेनापतींची केक-फेकाफेकी चित्रित केली होती. मोठा, खर्चिक प्रसंग. त्यानं तो काढून टाकला, कारण उरलेल्या सिनेमाच्या थंड, कोरड्या उपहासात ती निव्वळ धांगडधिंगा वाटत होती. चित्रित झालेला हशा कापायला मोठी छाती लागते. पडलेल्या सिनेमांत मला सर्रास उलटं दिसतं. प्रत्येकाचा आवडता प्रसंग आत ठेवलेला असतो.

## रिकाम्या हॉलचं गणित

आतापर्यंत पडद्यावरचं बोललो. निम्मा खेळ खुर्च्यांमध्ये होतो, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही.

हसण्याचा अभ्यास करणारे मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असं आढळलं की एकट्यानं असण्यापेक्षा चार लोकांत असताना माणूस सुमारे तीसपट अधिक हसतो. शेजारचा हसला की आपल्याला दोन गोष्टी मिळतात, संसर्ग आणि परवानगी. नेहमीच्या विनोदाला परवानगीची फारशी गरज नसते. केळीच्या सालीवर घसरलेल्याला कुणीही हसतं. आपल्या शोकसभेतल्या तिसऱ्या तऱ्हेला मात्र ती हवीच. भरलेल्या हॉलमध्ये ज्या दहाजणांना गंमत लगेच कळली ते हसतात, त्यांच्या हसण्यानं उरलेल्यांची शंका फिटते आणि पुढच्या ओळीला सगळा हॉल हसतो. तीस माणसांच्या हॉलमध्ये असे दहाजण नसतात. एखादा असतो, तोही आपण एकटेच हसतोय असं बघून ओशाळून थांबतो.

त्यात विनोदी सिनेमात हशासाठी जागा सोडलेली असते. संवादानंतर दोन सेकंद कुणी बोलत नाही, कॅमेरा चेहऱ्यावर राहतो. नाटकातला नट हशा बघून थांबतो किंवा पुढे जातो. सिनेमाला ती सोय नाही, थांबा आधीच कापून चिकटवलेला. तिथे हशा आला नाही तर ती दोन सेकंदं अंगावर येतात. मार्क्स बंधू ‘ऑपेरा’च्या चित्रीकरणाआधी त्यातले प्रसंग घेऊन गावोगावी रंगमंचावर प्रयोग करत फिरले होते. कुठे किती हशा येतो हे मोजून त्यांनी विनोद ठेवले, टाकले आणि मधल्या जागा ठरवल्या.

म्हणजे हटके विनोदाला भरल्या हॉलची सगळ्यांत जास्त गरज, आणि हॉल भरण्याची शक्यता त्याचीच सगळ्यांत कमी. शुक्रवारी तुरळक लोक आले तर सिनेमा त्यांना प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा वाईट वाटतो. ते तसंच सांगत सुटतात आणि शनिवारी आणखी कमी लोक येतात. थरारपटाचं असं होत नाही. रिकाम्या हॉलमध्ये भीती उलट वाढते.

## ट्रेलरला हसलो, मग सिनेमाला का नाही?

ट्रेलर दोन मिनिटांचा असतो. त्यात चटकन लागणारे विनोद एकापाठोपाठ लावतात आणि खाली टणत्कारी संगीत टाकतात. सिनेमाची खरी चाल संथ, तिरकस असते. ट्रेलरमुळे येतो तो धमाल बघायला आलेला प्रेक्षक. ज्याला संथ तिरकसपणा आवडला असता तो ट्रेलर बघून घरीच राहतो. म्हणून पहिल्या दिवशीची नाराजी हा पुष्कळदा कबूल केलेल्या आणि हाती पडलेल्या मालातल्या तफावतीचा हिशेब असतो.

कधी ही कबुली ट्रेलरची नसून दिग्दर्शकाच्या नावाचीच असते. फ्रेंच दिग्दर्शक झाक ताती यांचं मस्य युलो हे उंच, अवघडलेलं, पाइप ओढणारं पात्र लोकांना अतिशय आवडलं होतं. १९५८ च्या ‘मोन आँक्ल’ला ऑस्करही मिळालं. पुढच्या ‘प्लेटाइम’साठी त्यांनी पॅरिसबाहेर काचेच्या इमारतींचं अख्खं शहरच उभारलं आणि कित्येक महिने चित्रीकरण केलं. १९६७ साली लोक युलोला बघायला आले, तर तो गर्दीतला एक झालेला, अध्येमध्ये दिसेनासाही होणारा. वर त्याच्यासारखे दिसणारे तोतये फिरतायत. क्लोजअप जवळजवळ नाहीतच. भल्यामोठ्या चौकटीत एकाच वेळी चार-पाच गमती चाललेल्या, आणि कुठे बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ताती कर्जात बुडाले. सिनेमा अप्रतिम आहे. पण तो प्रेक्षकाला जे काम सांगतो, त्याची पूर्वकल्पना त्यानं दिलेली नव्हती.

## ‘नंतर कल्ट झाला, म्हणजे प्रेक्षकच चुकले ना?’

‘कल्ट’ म्हणजे थोड्या पण कट्टर चाहत्यांनी जिवंत ठेवलेला सिनेमा. ‘अंदाज अपना अपना’ हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. नोव्हेंबर १९९४ मध्ये तो आला. आमिर खान, सलमान खान असूनही तिकीटबारीवर त्याची डाळ शिजली नाही. दिग्दर्शक राजकुमार संतोषी यांनी त्याआधी ‘घायल’ आणि ‘दामिनी’ केले होते, म्हणजे त्यांच्या नावावर लोक काय बघायला आले असतील ते सांगायला नको. पुढे टीव्हीवर तो पुन्हा पुन्हा लागत राहिला, संवाद तोंडी रुळले आणि २०२५ मध्ये तो थेटरांत परत आला.

मधल्या काळात सिनेमातली एक चौकटही बदललेली नव्हती. बदलला तो बघण्याचा प्रसंग. मित्र आग्रहानं दाखवतो म्हणजे परवानगी आधीच मिळाली. दुसऱ्यांदा बघताना त्या जगाचे नियम ठाऊक असतात. तिकिटाचे पैसे वसूल व्हायची काळजी नसते, अर्ध्यातून बघितला तरी बिघडत नाही. १९९४ च्या प्रेक्षकाला यातलं काहीच मिळालं नव्हतं, तेव्हा त्याला मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही.

## ‘मग सगळं समजावूनच सांगायचं? त्यात हटके काय उरलं?’

हा आक्षेप रास्त आहे. विनोद समजावला की मेला, हे खरंच. पण नियम सांगणं आणि विनोद सांगणं यात अंतर आहे. शोकसभेतल्या त्या तरुणानं बिलात गंमत काय आहे ते सांगितलं नाही. तो फक्त चक्रावला. पहिल्या दहा मिनिटांत एक छोटा, सोपा, हमखास लागणारा विनोद ठेवणं हाही एक मार्ग. प्रेक्षक एकदा मोकळा हसला की पुढच्या तिरपागडेपणाला तो जास्त सवलत देतो. असं केल्यानं सिनेमा बाजारू होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो वीस-तीस जणांसाठीच केला आहे असं समजावं. त्यालाही माझी हरकत नाही. बजेट मात्र मग तेवढंच ठेवायला हवं, आणि बऱ्याच हटके सिनेमांचा तोटा तिथेच ठरलेला असतो.

## ‘आणि सिनेमा सरळसरळ वाईट असला तर?’

असतो की. बहुतेक वेळा तसंच असतं. पडलेल्या आणि मागाहून उचलून धरलेल्या सिनेमांची नावं आपल्याला आठवतात, कारण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. उरलेले शेकडो पडले आणि पडलेलेच राहिले. त्यांच्या दिग्दर्शकांनीही तेव्हा ‘प्रेक्षकांना कळला नाही’ हेच म्हटलं असणार. दोन्ही प्रकार ओळखायचे असतील तर एक साधी परीक्षा आहे. सिनेमातला न लागलेला एखादा प्रसंग घ्या आणि तो गंभीरपणे, शब्दही न बदलता, हसऱ्या स्वभावाच्या चार लोकांना सांगून बघा. ते हसले तर घोळ मांडणीत, सुरात किंवा ट्रेलरमध्ये आहे. नाही हसले तर संकलकाला आणि जाहिरातवाल्याला दोष देऊ नका. लेखकाला फोन करा.